पोटभर जेवलेले पादास

पादास म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. वर्षातून एकदा, अमावास्येच्या सुमारास, भर समुद्रातून थव्याने किनाऱ्याला येतो, तेव्हा त्याच्या पोटात काही नसतं. त्याच दिवशी धरून मिठात मुरवला की वर्षभर भाताला बागुंग. थांबलात तर तो शेवाळ चरायला लागतो, आतडी हिरवीगार होतात आणि बरणी कडूजहर. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते एकट्या माझ्या नवऱ्याला, कारण तो गावाने निवडून दिलेला कपितान.

थवा दिसला त्याच सकाळी त्याने सगळ्या गावाची जाळी आमच्या पडवीत आणवली. पहिलं जाळं म्हणे नगराध्यक्ष टाकणार, फोटो निघणार.

"तेओदुलो, मासे काय तुझ्या साहेबासाठी उपाशी बसणारेत?" मी विचारलं.

"एका दिवसाने काय बिघडतंय? तुझं आपलं नाक मध्ये आहेच!"

दुसऱ्या दिवशी साहेबांना कुणाच्या तरी लग्नाला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी लग्नातलं जेवण त्यांना बाधलं. माशांची पचनशक्ती मात्र उत्तम होती, शेवाळावर नुसता ताव चालला होता. चार नातवंडांना एकटीने वाढवणारी मानांग पिलांग दारात येऊन रडली.

"कपितान, पोरांना वर्षभर भाताशी काय देऊ?"

"धीर धर गं. उद्या नक्की."

चौथ्या दिवशी साहेब आले. बँड वाजला, भाषणात सात वेळा समृद्धी आली. जाळं ओढलं, टाळ्या पडल्या. मानांग पिलांगने एक मासा उचलून पोट दाबलं. हिरवा लगदा साहेबांच्या पांढऱ्या बुटावर पडला.

"जेवून आलेत, साहेब," ती म्हणाली.

तरी सगळ्यांनी तेच मिठात घातले. दुसरं होतं काय?

पाच महिन्यांनी बरण्या उघडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एकतीस बरण्या ओळीने मांडलेल्या. भांडायला कोणी थांबलं नव्हतं.

तेओदुलोने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. "बघ, कशी माणसं आहेत! माझ्यावर राग ठीक, पण तुझा काय दोष यात?"

मी दोघांच्या पानात भात वाढला आणि त्यावर तेच कडू बागुंग घातलं. जाळी तीन दिवस माझ्या पडवीत पडली होती, आणि मी नुसते टोमणे मारत बसले होते.