कोऱ्या फोटोतला मी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा टेबलक्लॉथ आहे, आणि आमच्या गावात माझ्याइतके फोटो कुणाचेच निघालेले नाहीत. एकेका सकाळी चाळीस-चाळीस. त्यातला एकही कुणी भिंतीवर लावलेला नाही. असं का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आताही सगळं कळलंय असं नाही.

रोडोपीच्या डोंगरात, झ्लात्काच्या आईच्या मागावर माझा जन्म झाला. लेकीच्या लग्नासाठी तिने दोन हिवाळे खपून मला विणलं. लग्नात माझ्यावर पाव, मीठ, भाजलेलं कोकरू असं सगळं मांडलं होतं. नवरदेव स्तोइलच्या हातून लाल वाइनचा पेला सांडला तेव्हा बायका म्हणाल्या, शुभ आहे. डाग काही गेला नाही. तरी सणावाराला मीच निघायचो आणि पाहुणे माझ्यावरून हात फिरवून विणीची तारीफ करायचे. पुढे घरात फुलाफुलांचं प्लास्टिक आलं. ते नुसतं पुसलं की स्वच्छ. मग मी पेटीत गेलो आणि वीस वर्षं कसरीच्या तोंडी राहिलो.

स्तोइल बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि रात्र-रात्र अंगणात बसू लागला. माझी आठवण झाली ती तेव्हा. दुर्बिणीतून येणारा उजेड म्हणे फोटोवर सगळीकडे सारखा पडत नाही. कडा काळवंडतात, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण असला तर त्याच्या सावलीचं वर्तुळ उमटतं. म्हणून सकाळी मला दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधायचं आणि उजळत्या आकाशाकडे रोखून माझे फोटो काढायचे. त्या कोऱ्या फोटोंत फक्त हे दोष उतरतात. मग रात्रीच्या फोटोतून कॉम्प्युटर तेवढेच दोष काढून टाकतो. मला यातलं एवढंच समजलं, की मी जितका कोरा दिसेन तितका चांगला. लग्नाच्या मेजावर मिरवलेल्याला हे जरा जड गेलं. रात्री मी खणात असतो, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ते तारे मी कधी पाहिलेले नाहीत.

पाच वर्षं सुरळीत गेली. मग त्या शरदात स्तोइलला न्यूमोनिया झाला. तो उठून बसला तसं झ्लात्काने त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की या हिवाळ्यात वाचनालयात लावण्याजोगा एक फोटो झाला तर ठीक, नाहीतर ईस्टरच्या आत दुर्बीण विकायची आणि रात्री माणसासारखं अंथरुणात झोपायचं. स्तोइल हसून हो म्हणाला. एक फोटो म्हणजे काय मोठंसं, असं त्याला वाटलं.

पण फोटो काही केल्या होईना. आकाशगंगा छान यायची आणि तिच्या बाजूला काळी वर्तुळं. कधी काळ्याशेजारी एखादं उजळसुद्धा. स्तोइलने मला धुतलं, इस्त्री केली, दुहेरी केलं. एकदा ऊन चढेपर्यंत थांबला, एकदा सूर्य उगवण्याआधीच उरकलं. वर्तुळं तिथेच. तो मला हातात धरून उलटसुलट बघायचा आणि पुटपुटायचा, आणि मी मनात म्हणायचो, हा माझाच डाग. दुसरं कोण असणार?

ईस्टरला तीन आठवडे उरले तेव्हा रुम्याना आली. ती शहरात औषधांचं दुकान चालवते आणि तिथल्या आकाशप्रेमी मंडळाचंही बघते. तिने मला दुर्बिणीच्या तोंडावर पाव वळसा फिरवायला लावलं. डाग माझा असता तर वर्तुळंही फिरली असती. ती जागची हलली नाहीत.

"स्तोइलकाका, याला सोडा आता," ती म्हणाली. "इतक्या जवळचा डाग दुर्बिणीला दिसतच नाही."

मी निर्दोष सुटलो, पण आनंद कसा करायचा तेच सुचेना. मग गुन्हा कुणाचा?

सगळे स्वयंपाकघरात आले. मी स्तोइलच्या खांद्यावर होतो. रुम्यानाने विचारलं, रात्रीच्या शेवटच्या फोटोपासून सकाळच्या पहिल्या फोटोपर्यंत कॅमेरा कुठे असतो? स्तोइलने सांगितलं, पूर्वी सकाळपर्यंत तिथेच असायचा; आजारपणापासून दवाने भिजू नये म्हणून पहाटे काढून या टेबलावर ठेवतो, दोन तास झोपतो आणि लाल खुणेवर अचूक परत बसवतो.

"मधे कोणी हात लावतं?"

"कोण लावणार? घरात आम्ही दोघंच."

झ्लात्का चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा कापत होती. तिची सुरी थांबली. ती गप्प राहिली असती तर तीन आठवड्यांत दुर्बीण गेली असती आणि नवरा उबेत झोपला असता.

"मी पुसते," ती म्हणाली. "रोज. त्या काचेवर धूळ दिसते. तू झोपलास की कापसाने पुसते."

रुम्यानाने तिला समजावलं. रात्रीच्या फोटोत धूळ आहे आणि सकाळच्या फोटोत ती पुसलेली, तर कॉम्प्युटरने काढायचं काय? वर कापसाचा तंतू काचेला चिकटला, की तो फक्त सकाळच्या फोटोत येतो, कॉम्प्युटर रात्रीच्या फोटोत नसलेली सावली काढायला जातो आणि तिथे उजळ वर्तुळ उमटतं.

"तीन महिने मी या फडक्याला शिव्या घातल्या," स्तोइल म्हणाला.

"मग आता मला घाल."

त्याने घातल्या नाहीत. तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली बनित्सा स्वतः कापली.

पुढच्या निरभ्र पहाटे कॅमेरा टेबलावर आला तेव्हा झ्लात्का दोन्ही हात अ‍ॅप्रनखाली घेऊन शेजारी बसून राहिली. तो फोटो वाचनालयात लागला. त्यात कुठलंच वर्तुळ नाही. दुर्बीण अजून अंगणात आहे, स्तोइल अजून थंडीत बसतो, खोकतो, आणि आत झ्लात्का जागी असते. पुसल्याने फोटो बिघडतो हे तिला आधीपासून ठाऊक होतं का? मी तिच्या आईने विणलेला, तरी मला सांगता येत नाही. ती बोलली हे बरं झालं की वाईट, तेही नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, त्या पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझी विनंती एवढीच आहे, की काय पुसलंत ते आपल्या माणसाला सांगा. सांगणं आपल्याच अंगाशी येणार असेल, तरीही.