नामाने बटण दाबलं होतं

“काहीही बोला रावजीभाऊ. पाढे म्हणा, शिव्या द्या, पण बटण सोडू नका,” जयमाला धक्क्यावरून ओरडली.

रावजी आपल्या बोटीच्या केबिनमध्ये वायरलेसचा माइक तोंडाशी धरून बोलू लागला. रेवदंड्याच्या धक्क्यावर उभ्या जयमालाच्या हातात छोटा सेट होता. त्यातून रावजीचा एक शब्द आला नाही. आली ती नुसती कर्कश शिट्टी. जवळा वाळत घालणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. त्यांच्यातली जनी मात्र सकाळपासूनच बघत होती.

जनी ही रावजीची वहिनी, नामाची बायको. नामा गणपतीच्या आधी बुडाला. खलाशी तापाने पडलेला, म्हणून एकटाच गेला होता. इंजिन बंद पडलं, बोटीत पाणी शिरलं. बोट कोर्लईच्या बाहेर उलटी सापडली आणि नामा दुसऱ्या दिवशी. बोटीवर नवाकोरा वायरलेस होता, मग माणसाने हाक का मारली नाही? गावाने उत्तर तयारच ठेवलं होतं, प्यायला असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात सेट बनवणाऱ्या कंपनीने तसलाच दुसरा सेट टेबलावर लावून सगळ्यांना दाखवला, तर तो खणखणीत बोलला. झालं, नामा बेवडा ठरला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, त्याच्या वाट्याला शिंतोडासुद्धा आला नाही.

आता बाकीच्या बोटवाल्यांचीही तक्रार आली, मधूनच सेट शिट्टी मारतो. म्हणून कंपनीने जयमालाला पाठवलं. ती उरणची. बाप धाकू मिठागरात राबून गेला. पोरीने सावलीत बसून पगार घ्यावा एवढीच त्याची इच्छा, ती तिने पुरी केली. कंटेनर यार्डामागच्या एका शेडमध्ये ती वायरलेसचे अॅम्प्लिफायर आधी कॉम्प्युटरवर चालवून बघते, मग ते बनतात. माणसाचा आवाज मैलोन् मैल ढकलायची ताकद देणारा भाग म्हणजे अॅम्प्लिफायर.

सकाळी तिने पिशवी खाली ठेवली नाही तोच जनी पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

“बाय, तू मशीनवाली ना? मना एकच सांग. त्यानी हाक मारलीन का न्हाय?”

“तपासते वहिनी,” जयमाला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कंपनीचं म्हणणं तिला ठाऊक होतं, खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं.

आता ती रावजीच्या बोटीवर चढली. अँटेना केबिनच्या छपरावर, बोटीतली सगळ्यात उंच काठी तीच. तिच्याभोवती खालपासून वरपर्यंत चंदेरी चमकीची माळ गच्च गुंडाळलेली.

“ही कधीची?”

“नारळी पुनवेची,” रावजी म्हणाला. “सगल्यात उंच जागंला माल लावायची आनि हातानी काढायची न्हाय, वाऱ्यानीच न्यायची. आमच्या घरची रीत हाय. वैनीच बांधते, दोगांच्या बोटीवर.”

जयमालाने अँटेनाची तार काढून मीटरला जोडली. मासळीच्या क्रेटवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल नकाशा आला. अॅम्प्लिफायरला पुढे जसा भार, म्हणजे अँटेना, जोडावा तसा एक ठिपका त्या गोलात पडतो. अँटेना धड असेल तर ठिपका मधोमध. तिथे आवाज सुखाने बाहेर जातो. टेबलावरच्या तपासणीत भार असाच, गुणी जावयासारखा. माळेतल्या धातूच्या चमकीने रावजीच्या अँटेनाचा ठिपका पार कडेला ढकलला होता. तिने त्या भारावर सगळा अॅम्प्लिफायर पुन्हा चालवून पाहिला. स्थिरतेची रेघ खाली कोसळली. या जागी यंत्र माणसाचा आवाज पुढे नेतच नव्हतं, स्वतःचंच किंचाळत सुटत होतं.

डिझाइनच्या वेळी तिने नकाशाचा मधला भागच तपासला होता. कडेपर्यंत जाऊया, एक रेझिस्टर घातला की हे शांत राहील, असं ती एकदा म्हणालीही. तिचे साहेब, प्रज्योत सर, म्हणाले, पॉवर कमी होईल, खोक्यावर काय छापायचं? ती गप्प बसली. सावलीतला पगार कुणाला नको असतो. आता तिला स्वतःची शिसारी आली.

तिने तिथूनच फोन लावला.

“माळ गुंडाळली त्यांनी? मग खतम ना मॅडम,” प्रज्योत सर म्हणाले. “युजर फॉल्ट. एक लाइन टाका रिपोर्टमध्ये आणि निघा.”

“सर, समुद्रावर अँटेना वाकणार, मोडणार, तिच्यावर काहीबाही अडकणार. माणूस संकटात असतो तेव्हाच ती धड नसते. तेव्हाच हा सेट किंचाळतो.”

“तुम्हाला नोकरी करायची आहे ना?”

“करायची आहे,” ती म्हणाली. “पण ही लाइन मी टाकणार नाही. आणि बाकीच्या बोटींना आत्ताच सांगते, हा सेट वापरू नका.” तिने फोन कट केला.

तिने तार पुन्हा सेटला जोडली आणि छोटा सेट रावजीच्या हातात दिला. “आता तुम्ही धक्क्यावर जाऊन ऐका. मी इथून बोलते.”

तिने बटण दाबलं. धक्क्यावर शिट्टी वाजली. रावजी दगडासारखा उभा राहिला. तिने बटण सोडलं तरी हलला नाही.

“काय झालं?” ती बाहेर येऊन म्हणाली.

“हाच,” रावजी म्हणाला. “भाऊ गेला त्या दुपारी हाच आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. मना वाटलं माझाच सेट बिघडला. म्हनून मी बंद केला.”

जनी जवळा तसाच टाकून उठून आली होती. तिने दिराकडे बघितलं, मग जयमालाकडे.

जयमालाला वाटलं, ही बाई आता मोडून पडेल. पण विचारलं होतं तिनेच, आणि उत्तर तिचं होतं. “वहिनी, नामाभाऊंनी हाक मारली होती. पुन्हा पुन्हा मारली. बटण दाबल्याशिवाय हा आवाज निघतच नाही. ते बोलत होते, अँटेनावरच्या माळेमुळे आमच्या सेटने त्यांचं बोलणं गिळलं.”

“मालेनी?” जनीने वर अँटेनाकडे बघितलं. “माल मीच बांधली.”

“माळ कुणीही बांधेल. यंत्राने ती सोसायला हवी होती. आम्ही ते तपासलंच नाही. चूक आमची आहे, माझीसुद्धा.”

रावजी मटकन खाली बसला. “वैनी, मी…” एवढंच म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. जनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग मागे वळून बायकांना सांगितलं, ओरडून नव्हे, मासळीचा भाव सांगावा तसं, “त्यानी हाक मारलीन होती. ऐकलाव ना सगल्यांनी?”

तिने रावजीशेजारी पडलेला छोटा सेट उचलला आणि पदराने पुसला.

“बाय, परत लाव.”

“वहिनी, त्यात शब्द नाहीत हो.”

“नसूंदे. लाव तू.”

जयमाला केबिनमध्ये गेली. तिने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. खिडकीतून जनी दिसत होती, सेट कानाशी घट्ट धरलेली, मधूनच मान हलवत होती. “व्हय,” ती हळूच म्हणाली. “व्हय, ऐकतंय मी.”

सेटचं पत्र्याचं अंग तापत चाललं. असा सूर लागला की आतला ट्रान्झिस्टर फार टिकत नाही, हे जयमालाला माहीत होतं. जळका वास आला. तिने अंगठा उचलला नाही. मग आवाज आपोआपच बंद पडला.

धक्क्यावर जनी अजून सेट कानाशी धरून उभी होती.