सतराव्या किलोमीटरवरचा खडक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, तीस सेंटिमीटरची. त्यातले एकोणतीस सरळमार्गी आहेत. सतराव्याची ही गोष्ट.

कचेरीत आले तेव्हा मोठ्या साहेबांनी मला डोळ्यासमोर धरून "वा!" म्हटले होते. आठ वर्षे माझा मान राहिला. मग एका दुपारी साहेबांच्या डब्याचे झाकण अडकले. त्यांनी माझी कड घालून ते उचकटले. झाकण निघाले, माझा टवकाही निघाला. चर्चा मात्र भाजी गार झाल्याची झाली.

आणि मग तो दिवस उजाडला! बंदरापासून टाक्यांपर्यंत तेलाची नवी पाइपलाइन आखायची होती, अठ्ठावीस किलोमीटर. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एवढे तेल माझ्या कडेने वाहणार, या आनंदात मी टवका विसरलेच. साहेबांनी लाल पेन्सिल सर्रकन ओढली. सतराव्यावर ती टवक्यात उतरली आणि वर आली. रेषेला इवलेसे पोट सुटले. जमिनीवर ते शंभर मीटरचे होते, आणि रोपवाटिकेच्या मावशींची विहीर नेमकी त्याच्याखाली आली.

रेषा साहेबांची, म्हणजे वळणाला कारण असणारच. एकाने तिथे खडक असल्याचे लिहिले. दुसऱ्याने खडकाची खोली लिहिली. तिसऱ्या बैठकीत साहेबांनाही तो खडक आठवू लागला.

विहीर बुजवण्याची नोटीस मिळताच मावशी पिशवीभर माती घेऊन कचेरीत आल्या.

"चाळीस वर्षं कुदळ मारतेय मी तिथं. खडक असता तर मला भेटला नसता का?"

काही खडक खोल असतात, असे साहेब म्हणाले.

नकाशे काढणाऱ्या ताईंनी नकाशावरचे ते वळण न्याहाळले. त्यांनी मला उचलले आणि कडेवरून नख फिरवले. चौदा, पंधरा, सोळा... माझा जीव टांगणीला! सतराव्यावर नख अडकले. ताईंना ती गार भाजीची दुपार आठवली. त्यांनी साहेबांचा डबा आणला आणि झाकणाची कड टवक्यात बसवली. चपखल.

"साहेब, हा घ्या तुमचा खडक."

साहेबांनी डब्याकडे पाहिले, मग मावशींकडे. खोडरबर त्यांनी स्वतःच घेतला. मला उलटे करून चांगल्या कडेने नवी रेषा ओढली. विहीर शंभर मीटर लांब राहिली!

मातीची पिशवी मावशींनी टेबलावरच ठेवली. म्हणाल्या, "यात खडक उगवला तर कळवा."

मित्रांनो, डबा चमच्याने उघडा. आणि रेषा कितीही मोठ्या साहेबांची असो, ती जमिनीवर उतरण्याआधी पट्टीवरून एकदा नख फिरवा. खाली कोणाची तरी विहीर असते.