न दुखणारे पाय

सुनंदाबाईंच्या पायांना काही कळत नाही, हे डॉक्टर हयवदन यांनी दाखवून दिलं. त्यांनी बाईंना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या एका बारीक दोऱ्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवत गेले. लागलं की ‘हो’ म्हणायचं, एवढंच. बाई वाट बघत राहिल्या. सुरुवात केव्हा करताय, असं विचारायला त्यांनी डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर दोरा खाली ठेवत होते.

साखरेनं नसा मेल्या होत्या. पाय दुखत नाहीत म्हणजे बरे आहेत, असं बाई समजून चालल्या होत्या. डॉक्टरांनी कानडीत, सावकाश समजावलं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. बुटात पाय घालण्याआधी हात घालून चाचपायचं, खडा, टाचणी काही आहे का ते. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढे बोटांना ऐसपैस जागा हवी, मागे टाच धरणारा पट्टा हवा. आणि रोज आरसा धरून तळवे बघायचे. पाय आता तुम्हाला काही सांगणार नाहीत अम्मा, तुम्हीच त्यांच्याकडे बघायचं, असं ते म्हणाले. निघताना त्यांनी वासुदेवरावांनाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं. वासुदेवराव हसले. आमच्या घराण्यात साखर नाही, म्हणाले.

वासुदेवराव तरुणपणी मिरजेहून नोकरीसाठी बंगळूरला आले, सरकारी कारखान्यात इंजिनिअर झाले, जयनगरात घर बांधलं आणि तिथेच निवृत्त झाले. घरात त्यांचाच शब्द चाले. ते कधी ओरडत नसत. बायकोवर हात तर त्यांनी आयुष्यात उगारला नाही. ते नुसते हसत. बाईंकडून काही चुकलं, किंवा न चुकतासुद्धा, ते चारचौघांत ती गोष्ट रंगवून सांगत, आणि ऐकणारेही हसत. ते आता हसणार, हे बाईंना त्यांच्या श्वासावरून कळे.

फोर्थ ब्लॉकातल्या दुकानात बाई एकट्याच गेल्या, दिवेलागणीला. दुकानदार भला होता. “अक्का, स्वल्प नडेदु नोडि,” म्हणत त्यानं त्यांना दुकानभर चालायला लावलं, मग अंगठ्यापुढची जागा दाबून बघितली आणि एक माप मोठं काढून दिलं. काळे, रुंद, चिकटपट्टीचे बूट होते. बाईंना ते फार आवडले. कित्येक वर्षांत त्यांनी फक्त स्वतःसाठी काही निवडलं नव्हतं.

घरी आल्यावर वासुदेवरावांनी बूट हातात घेऊन उलटेपालटे केले.

“वॉचमनची ड्युटी लागली का तुला?” त्यांनी विचारलं आणि व्हाइटफील्डला राहणाऱ्या मुलाला, निहारला, तेवढ्यासाठी फोन लावला.

घरात बूट चालणार नाहीत, देवघर आहे, असंही त्यांनी ठरवून टाकलं. बाईंनी घरात घालायला मऊ चपला आणल्या, त्या दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात, नळाच्या चिखलात पडलेल्या सापडल्या. मग बाई घरात दुहेरी मोजे घालून वावरू लागल्या.

उन्हाळ्यात वासुदेवरावांच्या पुतणीचं, यशश्रीचं लग्न निघालं. होसकोट्याच्या पुढे एका रिसॉर्टमध्ये. बाईंनी बूट पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवले होते. तिथे पोचून डिकी उघडली तर पिशवीत सोनेरी पट्ट्यांच्या निमुळत्या सॅंडल्स होत्या, नव्या कोऱ्या. पैठणीखाली ते काळं ध्यान घालून तू माझ्या भावाच्या व्याह्यांसमोर मिरवणार होतीस का, असं वासुदेवराव म्हणाले. चांगल्या आणल्यात, घाल.

मांडव उघड्यावर होता. चपला काढून आत जायचं होतं आणि मांडवाभोवती काळी फरशी होती. अक्षता पडल्या, जेवणं व्हायच्या आधी घरच्यांचे फोटो काढायचं ठरलं, आणि फोटोग्राफरनं सगळ्यांना कारंज्याच्या पायऱ्यांवर उभं केलं. ऊन टळटळीत होतं. लहान मुलं फरशीवर पाऊल टेकताच नाचू लागली, त्यांच्या आया त्यांना उचलून सावलीत पळाल्या. ते बघून बाईंच्या लक्षात आलं की फरशी तापली असणार. त्यांना स्वतःला काहीच लागत नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, मी चपला घालून येते. वासुदेवरावांनी त्यांचं कोपर धरलं, कॅमेऱ्याकडे हसून बघत.

“गप उभी राहा. तुला कुठे काय कळतंय?”

आधी मुलीकडचे झाले, मग दोन्हीकडचे, मग म्हाताऱ्यांचे वेगळे. कोपर शेवटपर्यंत धरलेलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन बाईंनी आरसा धरला. दोन्ही तळव्यांची कातडी दुधावरच्या सायीसारखी सुटून आली होती. त्यांनी डॉक्टरांकडे नेण्याची विनवणी केली. वासुदेवरावांना ते नको होतं. डॉक्टर विचारणार, अनवाणी का उभ्या होत्या. एवढ्यातेवढ्याला काय दवाखाना, म्हणून त्यांनी बाईंच्याच शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, फोड फोडले, वर हळद चेपली आणि निहारला उगाच कळवून त्याच्या जिवाला घोर लावू नकोस अशी ताकीद दिली. बाईंनी ऐकलं. या माणसाचं ऐकायची त्यांच्या अंगाला सवय होती.

निहार आला तोवर उजव्या पायाची बोटं काळी पडली होती. अंगठ्यासकट सगळी काढावी लागली.

हॉस्पिटलात डॉक्टर हयवदन यांनी विचारलं तेव्हा बाई जाग्या होत्या. वासुदेवराव पलंगाच्या कठड्याला टेकून उभे होते. हिला लग्नात मिरवायचं होतं, म्हणाले. बूट मुद्दाम घरी ठेवले. मी सांगून थकलो डॉक्टर, बायकांची हौस. बाईंनी मुलाकडे पाहिलं. निहारचे डोळे पाण्यानं भरले होते. “आई, काय गं हे,” तो म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं. बाईंनी खरं सांगितलं असतं, तर वासुदेवराव हसले असते, आणि डॉक्टरांनी व निहारनं कुणावर विश्वास ठेवला असता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर बाईंची चाल बदलली. बोटं नसलेल्या पायानं पुढे रेटा देता येत नाही, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंना झुलत चालत. वासुदेवराव फोनवर कुणालाही सांगत, आमच्याकडे बदक पाळलंय. निहारनं मात्र बजावून ठेवलं होतं, म्हणून आता घरातही बूट चालत होते. बाई संध्याकाळी मागच्या पायरीवर बसत, आरसा घेत आणि राहिलेल्या पायाचा तळवा आणि कापलेल्या पायाची कड इंचाइंचानं तपासत. कशी कातडी आधी लाल होते, मग कडक, मग तिच्याखाली पाणी साचतं, हे सगळं त्यांना आता पाठ होतं.

वासुदेवरावांच्या कातडी चपला कारखान्याच्या दिवसांपासूनच्या होत्या. तळ सुटला की ते स्वतः हातोडी घेऊन बसत, चांभाराकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. पावसाळा सरताना त्यांनी एकदा असाच उजव्या चपलेचा तळ ठोकला. दुसऱ्या दिवशी ते फिरून आले, दारात चपला काढल्या आणि पेपर घेऊन आत गेले. बाई मागून येत होत्या. पांढऱ्या फरशीवर एका आड एक पावलाला तांबडा ठिपका होता, कुंकवाच्या टिकलीएवढा.

वासुदेवराव लंगडत नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी पायावर पाय टाकला आणि चहा मागितला.

बाई दाराशी गेल्या. त्यांनी चपलेत हात घातला. टाचेच्या जागी खिळ्याचं टोक बोटाला टोचलं. म्हणजे हा माणूस पार्कला अख्खी फेरी मारून आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. याचा अर्थ काय, हे त्या घरात एकट्या बाईंना कळत होतं. त्या चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या. सांगायचं म्हणून त्या आत वळल्यासुद्धा. आत वासुदेवराव फोन लावून बसले होते. “अरे, बदकाला चहा करायला सांगितलाय,” ते कुणाला तरी म्हणत होते. “पोचेल संध्याकाळपर्यंत.”

बाईंनी चपला होत्या तिथे, जोडीनं नीट लावून ठेवल्या. मग फडकं ओलं केलं आणि फरशी पुसली.

त्या रोज फरशी पुसत. आधी ठिपके होते, मग ओलसर पिवळा डाग उठू लागला. काय सारखी पुसत असतेस, असं नवऱ्यानं एकदा विचारलं, तेव्हा चहा सांडला म्हणाल्या. वासुदेवरावांना पायाकडे बघण्याची सवय नव्हती, आणि पोटामुळे वाकवतही नव्हतं. घरात गटाराचा वास येतोय, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. बाईंनी उदबत्ती लावली. बाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. स्वयंपाकघरात पोळी लाटताना त्यांचे हात थांबत, आता सांगून टाकावं असं वाटे. मग बाहेरून नवऱ्याचं हसणं ऐकू येई आणि हात पुन्हा चालू लागत.

शेवटी वासुदेवरावांना थंडी वाजून ताप भरला, ते बरळू लागले. तेव्हा बाईंनीच निहारला फोन केला. साखर प्रचंड वाढलेली निघाली. विष हाडात शिरलं होतं, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर हयवदन बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही रोज तुमचे तळवे बघता अम्मा, यांचा कसा नाही दिसला? बाई म्हणाल्या, ते कुणाला पायाला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. मग कागदावर सही करून निघून गेले.

घरी आणल्यावर वासुदेवरावांचा पलंग पुढच्या खोलीत लावला. जखम धुणं, औषध लावणं, पट्टी गुंडाळणं, सगळं बाईच करत, आणि हॉस्पिटलातल्या नर्सपेक्षा चांगलं करत. एका सकाळी वासुदेवराव बराच वेळ त्यांचे हात बघत होते.

“तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

बाईंनी पट्टीचं टोक दाबून धरलं. “हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. खिळा होता चपलेत. मी हात घालून बघितला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

बाईंनी खरोखरच विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

“सांगावंसं वाटलं नाही,” त्या म्हणाल्या.

रविवारी निहार आला तेव्हा वासुदेवरावांनी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. निहारनं वडिलांचा हात थोपटला आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन तो आईला म्हणाला, तू मनाला लावून घेऊ नकोस, औषधांनी भ्रम होतात, बाबांना कळत नाहीये ते काय बोलताहेत. तुझ्यासारखं त्यांचं कोण करणार आहे? त्यानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि जेवायला थांबायला सांगितलं.

वासुदेवरावांचा डावा पाय शिल्लक आहे. त्यालाही काही कळत नाही, दोऱ्यानं तपासून झालं आहे. आता तेच रोज संध्याकाळी स्वतःहून पाय पुढे करतात. बाई स्टूल ओढून बसतात, चष्मा लावतात, तळवा मांडीवर घेतात.

“काय दिसतंय?” ते विचारतात. “लाल आहे का कुठे?”

बाई एकेक बोट फाकवून बघतात. टाचेवरून अंगठा फिरवतात, एका जागी थांबतात, पुन्हा फिरवतात. वासुदेवराव उशीवरून मान उचलून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. बाईंना उत्तर द्यायची घाई नसते.