पटेलानं ओळखलेला चेहरा

चंपतराव गावचा पोलीस पटेल. आदिलाबाद जिल्ह्यातल्या, बेल्याकडच्या त्या गावात कोण कुणाचा, हे ठाण्याला सांगणं त्याचं काम, आणि त्याचा त्याला भारी तोरा. पण त्र्याऐंशीच्या त्या हंगामात त्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा नाचायचा, खुशालचा. कापसाच्या भावासाठी लोकांना गोळा करणारा हा उमदा गडी बोलायला लागला की बाया हातातलं काम टाकून ऐकत. त्यात पटेलाची बायको भागीरथाही. "खुशालभाऊ बोलते तं खरं वाटते," असं ती एकदा जेवण वाढताना म्हणाली, आणि पटेलानं अर्धी भाकर टाकून ताट सारलं. भाऊ म्हणाली म्हणून काय झालं? जळणाऱ्याला नातं दिसत नाही.

पुढे आदिलाबादेत मोर्चा गेला, कचेरीच्या काचा फुटल्या. कुणीतरी गच्चीवरून, कुणाला न विचारता, गर्दीचा फोटो काढला होता. तो घेऊन ठाण्याचा जमादार पटेलाच्या ओसरीवर आला.

"पटेल, पहचानो."

चंपतरावाची नजर थेट खुशालवर गेली. त्याचे दोन्ही हात रिकामे, नुसते जोडलेले. पटेलाला ते स्वच्छ दिसलं. तरी तो म्हणाला, "हा खुशाल. दगड यानंच मारला." इतकं गार त्याला महिनाभरात वाटलं नव्हतं.

जमादारानं नाव टिपलं. "और उसके बाजू में ये औरत?"

पटेलानं आता कुठे तिकडे पाहिलं. पदर घसरलेला, तोंडभर हसू. भागीरथा! ती तर त्या दिवशी बहिणीकडे जाते म्हणून गेली होती. आणि असं हसू? नऊ वर्षांत त्यानं ते घरात पाहिलं नव्हतं. त्याच्या काळजाला इंगळी डसली.

"नाही ओळखत."

"अरे, गाँव का बच्चा बच्चा पहचानता हूँ, बोले थे ना?"

चहा घेऊन आलेल्या भागीरथानं कपबशा खाली ठेवल्या आणि वाकून फोटो पाहिला.

"मी आहो ते," ती म्हणाली. "फोटो काढताना मले कोनी इचारलं नाई. नाव तरी मीच सांगते. अन् खुशालभाऊनं दगड नाई मारला, मी बाजूलेच होती. लिवा."

"पूरा नाम?"

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. गावात कुठलीच बाई काढत नसे. तिनं पटेलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"भागीरथा चंपतराव."

जमादारानं ते खुशालच्या नावाखाली लिहून घेतलं.