गुडघ्याच्या वीतभर खाली

रोबोटच्या मदतीने उजवा गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते आणि चांगुणाबाई नेरुळच्या घरात एका जागी बसत नव्हत्या. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांमागे धावलेली बाई. बाल्कनी, स्वयंपाकघर, लिफ्टपर्यंत फेरी, पुन्हा बाल्कनी. गुडघा छान वाकत होता. दुखत होती ती नडगी, जिथे टाक्यांच्या दोन बारीक खुणा होत्या तिथे.

मुलाने, सुगतने, एक्स-रे काढून आणला. नवा सांधा उत्तम बसलाय, असं दवाखान्यातून कळलं. फिजिओने व्यायाम वाढवला. दुखणंही वाढलं. पाय टेकला की कळ मस्तकात जायची. बसलं तर चैन पडेना, उठलं तर पाय साथ देईना. या वयात थोडं दुखणारच, टेन्शन घेऊ नकोस, असं सुगत म्हणाला, तेव्हा त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक्स-रे खिडकीच्या काचेला धरला. मधोमध गुडघा, आणि त्याच्या जरा खालीच फिल्म संपलेली.

"सुगत, माझं दुखतं तिथला फोटोच नाही यात."

त्याने फिल्म हातात घेऊन खालची कड पाहिली. मग त्याने आईला पाय टेकू दिला नाही. सोसायटीतली चाकाची खुर्ची आणून थेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे नेलं.

अख्ख्या नडगीच्या फोटोत बारीक तडा दिसला. ऑपरेशनच्या वेळी रोबोटला हाडाची जागा कळावी म्हणून तिथे तात्पुरत्या पिना बसवल्या होत्या, डॉक्टर सांगू लागले. ती भोकं भरेपर्यंत हाड तिथे नाजूक असतं. क्वचितच होतं असं, पण होतं. आणखी काही दिवस चालल्या असत्या तर हाड मोडलं असतं.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सहीच्या कागदावर होतं," डॉक्टर म्हणाले. "पण तोंडी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

पुढचे दोन महिने पायावर भार बंद. ऑपरेशनपेक्षा तेच जड गेले. पलंगावर कूस बदलून बदलून चादर गोळा व्हायची. सुगत रोज ती नीट करायचा.

हाड जुळलं. चांगुणाबाई आता लिफ्टपर्यंत जातात. डावा गुडघाही बदलायचा आहे, डॉक्टरांकडून तारखेसाठी दोनदा फोन आला. त्यांनी अजून तारीख दिलेली नाही.