सुक्या मासळीचे दिवस

माझी सासू सोनूबाई चार महिने अंगावरून रक्त जात असताना अंधेरीच्या बाजारात मासळी विकत होती, आणि तिची लुगडी रोज मीच धूत होते. हे मला अजून पचत नाही. मी काही आंधळी नव्हते. पण कोळणीच्या लुगड्याचं लाल पाणी कोण निरखून बघतं? सुरमई कापली की अंगावर उडतंच. मी साबण लावायची, नाक मुरडायची आणि पिळून वाळत टाकायची.

मग आषाढ लागला. वेसाव्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि बाजारात सुके बोंबील, जवळा घेऊन बसायचे दिवस आले. या दिवसांत लुगड्याला वास येतो, डाग पडत नाही. तरी एका सकाळी बादलीतलं पाणी लाल झालं.

"आये, ह्ये काय?" मी विचारलं.

"परत सुरू जालंय," ती म्हणाली आणि चक्क हसली. "चार वर्सं बंद व्हतं. म्हातारी परत जवान जाली बघ."

"कंदीपासून?"

"शिमग्यापासून. गाठी पन पडतान. बरं हाय, आतली गरमी निंगते."

मला राग आला. तिचा कमी, स्वतःचाच जास्त. माझा नवरा अनंता अंगणात जाळं विणत बसला होता. त्याला काही न सांगता मी तिला स्टेशनजवळच्या डॉक्टर मीराबाईंकडे नेलं.

"गाठी केवढ्या?" मीराबाईंनी विचारलं.

"कोलंबीचे डोक्याएवढी," सासू म्हणाली. मीराबाईंनी जन्मात कोळंबी सोलली नसावी. त्या माझ्याकडे बघू लागल्या, तेव्हा मी अंगठ्याचं पेर दाखवलं.

"गाठ म्हणजे साकळलेलं रक्त," त्या म्हणाल्या. "भराभर वाहिलं की आतच गोठतं. पाळी चालू असलेल्या बाईची एखादी लहान गाठ पडली तर मी घाबरत नाही. पण तुमची पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. आता एक थेंब दिसला तरी यायला हवं होतं. गर्भपिशवीचं आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवू."

अस्तरात कॅन्सर निघाला. पिशवी काढायची, आणि लगेच. किती पसरलाय ते कापल्यावरच कळणार होतं.

"नारली पुनव होऊ दे," घरी आल्यावर सासू म्हणाली. "पयल्या होडीची मासली मीच इकनार. बाजारातली जागा गेली तर परत नाय मिलाची."

तिला जागेची काळजी होती हे खरं. पण त्याहून ती घाबरली होती, आणि पुनवेनंतर काय होणार ते मला लख्ख दिसलं.

"मासली आली का तुजं रगत परत त्या पान्यात जाल," मी म्हणाले. "मना दिसनार नाय. तुना तेच पायजे."

लग्नाआधीच मी अनंताला बजावलं होतं की सातवी शिकलेली पोर टोपली घेऊन बाजारात बसणार नाही. त्यावरून अख्ख्या गल्लीनं मला चिडवून घेतलं होतं. आता ते शब्द गिळावे लागले.

"तुजे जागेवर मी बसन."

"सुरमई कापाला येते तुना?"

"शिकव."

मासळी नव्हतीच, म्हणून तिनं दुधी आणायला लावला. दोन दिवस मी तिच्या कोयत्यानं त्याच्या चकत्या पाडत होते आणि ती शिव्या घालत होती. तिसऱ्या दिवशी ती इस्पितळात भरती झाली.

पिशवी काढली, पण पुनव होऊन गेली तरी ती वॉर्डातच होती. सगळं निघालं की नाही, विचारलं की मीराबाई म्हणायच्या, अजून सांगता येत नाही.

पहिल्या होडीची सुरमई मी सासूच्या जागेवर बसून कापली, वाकडीतिकडी. घरी येऊन माझं अंगावरचं लुगडं भिजवलं. पाणी लाल झालं. ते मासळीचं होतं, माझ्याच हातानं कापलेल्या मासळीचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मला भीती वाटली. मी बादली उचलून दारात उजेडाला नेली आणि त्या पाण्याकडे बघत बसले.